कट म्हटल्यानंतरचे नऊ सेकंद

या, असे जवळ या. दाराशी कशाला ताटकळता, आत भरपूर जागा आहे. आज एका मालिकेच्या पहिल्या भागाची गोष्ट सांगतो. तुमच्यातल्या थोरल्यांनी तो भाग पाहिला असेल आणि धाकट्यांनी थोरल्यांच्या तोंडून त्याचं कौतुक ऐकलं असेल. हरवलेल्या वस्तू शोधून देणारी एक बाई आणि तिच्यावर संशय घेऊन आलेला विमा कंपनीचा एक तपासनीस, अशी ती जोडी होती. तो तिला पकडायला येतो आणि भाग संपेपर्यंत तिच्याबरोबर चोराच्या मागावर निघतो. ज्या संध्याकाळी तो भाग लागला, त्या संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं म्हणतात. पण गोडगोड ऐकायला आला असाल तर आधीच सांगून ठेवतो, गोडी सगळी पडद्यावर होती. पडद्यामागचं ऐकायचं तर मन जरा घट्ट करून बसा.

ही गोष्ट आहे ती फिल्म जोडणाऱ्या माणसाची. सगळे त्याला दादा म्हणत. तो खरा दादा होता एकाच मुलीचा, त्याच्या धाकट्या बहिणीचा, पण तिचं ऐकून साहेबांपासून शिपायापर्यंत साऱ्यांनी तेच नाव उचललं. टीव्ही केंद्राच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, त्याची खोली होती. खिडकी नाही. मधोमध टेबल, त्यावर फिल्म पुढेमागे फिरवायच्या चकत्या आणि चित्र दिसायला तळहाताएवढी काच. भिंतीलगत एक उंच चौकट, तिला ओळीनं टाचण्या, आणि प्रत्येक टाचणीला लोंबणारा फिल्मचा एकेक तुकडा. चौकटीखाली कापडाची मोठी झोळी. नको असलेले तुकडे त्या झोळीत पडत. दादा हाताला पांढरे सुती मोजे घालून काम करी. वहिनी, म्हणजे त्याची बायको, चेष्टेनं म्हणायची, की हे घरी चहाचा कप धरतात तेही कुणाच्या बोटांचे ठसे उमटू नयेत अशा बेतानं.

मालिकेतली ती बाई म्हणजे दादाचीच बहीण. आईबाप लवकर गेले, तेव्हा दादानंच तिला वाढवलं, शिकवलं, नाटकाची हौस पुरवली आणि दातांच्या एका डॉक्टरशी तिचं लग्न लावून दिलं. डॉक्टर भला माणूस. आवाज हळू, हात त्याहून हळू. रडणारी पोरंसुद्धा त्याच्या खुर्चीत गप्प बसत. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, सहा वर्षांची मुलगी होती, तिला सगळे चिमणी म्हणत. सासूबाई बोलायला तिखट, पण सून पडद्यावर येणार म्हणून शेजारपाजारी सांगत सुटल्या होत्या. म्हणजे पाहा, संसाराला दृष्ट लागावी असं काही नव्हतं आणि उणंही काही नव्हतं.

पहिला भाग चित्रित झाला, जोडून झाला आणि केंद्राच्या साहेबांनी पाहिला. दिवे लागले तेव्हा साहेब कितीतरी वेळ खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत राहिले. मग म्हणाले, की गोष्ट ठीक आहे, चोर ठीक आहे, पण ही दोघं एकमेकांशी बोलतात ती पोस्टाच्या खिडकीवर तिकिटं मागितल्यासारखी. शुक्रवारपर्यंत यात जीव आला तर मालिका, नाहीतर त्या वेळेला बातम्यांची चर्चा लावू. दिग्दर्शक खाली आला तो पडेल चेहऱ्यानं. पुन्हा चित्रीकरण करायला दिवस नव्हते. बत्तीस माणसांचं काम त्या एका भागावर टांगलेलं होतं.

दादानं सगळं उसवून पुन्हा जोडलं. दोनदा जोडलं, तीनदा जोडलं. बोलणं तेच, चेहरे तेच. दोघंही चांगले नट, पण ‘सुरू’ म्हटलं की दोघांच्या अंगात एक ताठा येई आणि ‘कट’ म्हटल्यावर उतरे. आता हे ‘कट’ प्रकरण नीट समजून घ्या. दिग्दर्शक ‘कट’ म्हणतो तेव्हा कॅमेरा थांबायला हवा. पण इथला कॅमेरावाला हातानं जड. त्याचं बोट बटणावर पोचेपर्यंत दोन-तीन सेकंद फिल्म फिरतच राही. दादा त्या शेपट्या न बघता कापायचा आणि झोळीत टाकायचा. वीस वर्षांची सवय होती ती. त्या बुधवारी मात्र, दुसरं काही सुचेना म्हणून, तो झोळी उपसून बसला.

एकेक शेपटी काचेवर लावून बघू लागला. कुणी जांभई देतंय, कुणी विग खाजवतंय. आणि मग जिन्यावरच्या दृश्याची शेपटी आली. दृश्य असं होतं, की दोघं एका बंद दुकानाच्या जिन्यावर चोराची वाट बघत थांबलेत, ती दोन पायऱ्या वर, तो खाली. दृश्य संपलं, ‘कट’ झालं, आणि त्या दिवशी नेमकं कुणीतरी कॅमेरावाल्याला काही विचारलं असावं, कारण फिल्म पुढे नऊ सेकंद चालली होती. दिव्याची एक वायर तिच्या पायात अडकलेली. तो नट खाली वाकला, एक हात, तिचा घोटा न धरता, नुसता आधाराला पुढे ठेवून, दुसऱ्या हातानं वायर सोडवू लागला. आणि ती वरून त्याच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत होती.

वायर चित्राच्या चौकटीबाहेर होती. दिसत होता तो फक्त वाकलेला पुरुष आणि बघणारी बाई.

दादानं फिल्म मागे घेतली, पुन्हा बघितली. त्यानं तिला कडेवर खेळवलं होतं. तिच्या रागाचा, रुसव्याचा, तापातल्या ग्लानीचासुद्धा चेहरा त्याला पाठ होता. हा चेहरा त्यानं कधी बघितला नव्हता. त्यानं काचेवरून नजर काढून घेतली ती भाऊ म्हणून. आणि त्याच घटकेला त्याचे हात कामाला लागले ते कारागीर म्हणून. देव माणसाला दोन मनं देतो आणि हात मात्र एकाच मनाचं ऐकतात, त्याला काय करायचं?

त्यानं तो तुकडा दृश्यात बसवला. खाली किल्ली पडल्याचा आवाज घातला, म्हणजे तो किल्ली उचलायला वाकलाय असं वाटावं. मग बाकीच्या शेपट्यांतूनही अर्धा सेकंद इथून, सेकंदभर तिथून, असं टिपून सगळीकडे पेरलं. भाग जिवंत झाला. आधी पोस्टाच्या खिडकीवर बोलणारी माणसं आता एकमेकांचं बोलणं संपायची वाट बघत नव्हती, एकमेकांकडे बघायची संधी शोधत होती.

गुरुवारी दुपारी बहीण चिमणीला शाळेतून आणायला निघाली होती, वाटेत दादाकडे डोकावली. त्यानं तिला काचेसमोर बसवलं. तिनं जिन्यावरचं दृश्य बघितलं आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. त्यानं तिला काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच. त्या नटाशी ती कामापलीकडे चार वाक्यंही बोलली नव्हती, पुढेही कधी बोलली नाही. एवढंच, की आयुष्यात त्या एका जिन्यावर तिच्या मनात काहीतरी हललं होतं, तिचं तिलाही तेव्हा उमगलं नव्हतं, आणि ते आता तिच्यासमोर फिरत होतं.

दादा म्हणाला, की तुला नको असेल तर काढतो, साहेबांचं साहेब बघतील.

ती म्हणाली, “राहू दे. छान झालंय. सगळ्यांना वाटेल मी काम केलंय.” मग उठता उठता म्हणाली, “दादा, फक्त हे कुठलं आहे ते कुणाला सांगू नकोस. कुणालाच नाही.”

“माझ्या तोंडाला कुलूप,” दादा म्हणाला.

भाग लागला त्या संध्याकाळी दादा आणि वहिनी डॉक्टरांच्याच घरी होती. बैठकीत खुर्च्या कमी पडल्या म्हणून दवाखान्यातली बाकं आत आणली होती. शेजारचे, त्यांचे पाहुणे, दाढ सुजलेला एक रुग्णसुद्धा, जो दुखणं विसरून पुढच्या रांगेत बसला होता. सासूबाई मोठ्यानं टीका करत होत्या, की हा तपासनीस चोर शोधतोय कमी आणि आमच्या सुनेला बघतोय जास्त, अशानं विमा कंपनीचं दिवाळं निघेल. सगळे खळखळून हसले. जिन्यावरचं दृश्य आलं तसं हसू हळूहळू विरलं. दादा पडद्याकडे बघतच नव्हता, तो डॉक्टरकडे बघत होता. डॉक्टरनं दृश्य संपल्यावर चष्मा काढून पुसला आणि बायकोकडे वळून, हळू आवाजात, अगदी मनापासून म्हटलं, की इतकं खरं कसं गं करतेस तू. तिनं मान खाली घातली. लोकांना वाटलं लाजली. दादाचा जीव भांड्यात पडला.

इथं ही गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. तुम्ही-आम्ही हसत उठलो असतो.

मालिका डोक्यावर घेतली गेली. दिग्दर्शकाला हार, लेखकाला हार, नट-नटीला रस्त्यात चालणं मुश्कील. प्रत्येक जण त्या जिन्याबद्दल बोले. कुणी म्हणे दिग्दर्शकाची दृष्टी, कुणी म्हणे लेखकाची शब्दांवाचून बोलायची ताकद. जिन्याखालच्या खोलीत कुणी आलं नाही. साहेबांनी मेजवानी दिली, तिच्या यादीत बत्तीसांपैकी एकतीस माणसांची नावं होती, दादाचं तेवढं लिहायचं राहून गेलं होतं. मुद्दाम नव्हे, विसरून. मुद्दाम वगळलं असतं तर एवढं लागलं नसतं. वहिनी म्हणाली, जाऊ द्या हो, काम बोलतंय ना. दादा हो म्हणाला आणि मोजे झटकत राहिला.

मग एके सकाळी वर्तमानपत्राचा एक माणूस केंद्रावर आला. दिग्दर्शक जागेवर नव्हता, म्हणून शिपायानं त्याला वेळ काढायला दादाच्या खोलीत बसवलं. तो बिचारा सहज बोलायला म्हणून म्हणाला, की ते जिन्यावरचं दृश्य दिग्दर्शकांनी किती वेळा घेतलं हो, वीसदा तरी घेतलं असेल.

श्रोतेहो, शिवी दिली असती तर दादानं गिळली असती. हे गिळवलं नाही. वीस वर्षं जे साचलं होतं ते जिभेवर आलं. त्यानं सांगितलं, की ते दृश्य कुणीच घेतलेलं नाही. ‘कट’ म्हटल्यानंतरचे ते नऊ सेकंद आहेत, झोळीतून मी काढलेत. त्यांना ठाऊकच नव्हतं कॅमेरा चालू आहे, त्या वेळी दोघांपैकी कुणी अभिनय करतच नव्हतं. त्या माणसानं वही उघडली. दादानं त्याला काच दाखवली, झोळी दाखवली, शेपटी म्हणजे काय ते समजावलं. दुसऱ्या दिवशी एक जण येऊन त्याचा फोटो काढून गेला, टेबलाशी, मोज्यांसकट.

आपण काय करून बसलो हे त्याला कधी कळलं? फोटो काढला त्याच दुपारी कळलं, जिना चढताना. लेख शनिवारी यायचा होता, मधे तीन दिवस होते. त्यानं एकदा फोन उचललाही. वर्तमानपत्राच्या कचेरीत लावला. तो माणूस फोनवर आल्यावर, अभिनय नव्हता हे वाक्य गाळा, असं म्हणायचं ते दादाच्या ओठांवर आलं. आणि तोंडातून निघालं ते हे, की फोटो बरा आलाय का.

शनिवारी लेख आला. अर्धं पान. सोमवारी दुपारी डॉक्टर जिना उतरून खाली आला. दवाखाना त्या वेळी उघडा असायला हवा होता. त्यानं खिशातून लेखाची घडी काढली नाही, पण ती खिशात आहे हे दिसत होतं. स्टुलावर बसला आणि म्हणाला, की दादा, मला तेवढं एकदा दाखवा.

दादानं टाळायचा प्रयत्न केला, की फिल्म वर गेली आहे, टेबल बिघडलंय. डॉक्टर वाट बघत बसून राहिला. शेवटी दादानं तो तुकडा लावला. डॉक्टरनं तो तीनदा बघितला, तोंडात वाकून कीड बघावी तसा, जवळून, घाई न करता. मग विचारलं, की तो खाली वाकून काय उचलतोय.

“काही नाही. वायर होती तिच्या पायात.”

“म्हणजे किल्ली नव्हती.”

“नव्हती.”

दादा भराभर बोलू लागला, की डॉक्टर, लेखात लिहिलंय ते मनावर घेऊ नका, मी बढाई मारली, आम्हाला कुणी विचारत नाही म्हणून फुगवून सांगितलं. डॉक्टर म्हणाला, “मग एवढंच सांगा, की हा अभिनय आहे. तुमच्या तोंडून ऐकतो आणि घरी जातो. पुन्हा विचारणार नाही.”

एक शब्द हवा होता. ‘आहे’. तेवढा शब्द दादानं उच्चारला असता तर एक घर उभं राहिलं असतं, आणि देवानंही ते खोटं पोटात घातलं असतं, असं मला आपलं वाटतं. पण ज्याला त्यानं मुलाबाळांसारखा जीव लावला होता तो माणूस समोर बसून खरं मागत होता, आणि खोटं दादाच्या जिभेवर वेळेवर चढलं नाही. तो ‘आहे’ म्हणाला, पण उशिरानं म्हणाला. वर्षानुवर्षं लोकांना कुठं दुखतंय ते त्यांच्या गप्प बसण्यावरून ओळखणाऱ्या माणसाला तेवढा उशीर पुरला.

डॉक्टर उठला. दारापाशी थांबून म्हणाला, “दादा, मी तिला इतकी वर्षं बघतोय. मला वाटायचं तिचा चेहराच तसा आहे. शांत.”

त्यानं घरी जाऊन आवाज चढवला नाही. सासूबाईंनी चढवला, तो चार घरांत ऐकू गेला. डॉक्टर बायकोला फक्त एवढंच म्हणाला, की मला आता तुझ्याकडे बघवत नाही आणि चिमणी इथेच राहील. तिनं खूप सांगितलं, की घडलं काहीच नाही. तो म्हणाला, मला माहीत आहे, काही घडलं असतं तर मी माफ केलं असतं. एक बॅग घेऊन ती दादाच्या दोन खोल्यांत आली.

त्या नटानं पुढच्या आठवड्यात त्याच वर्तमानपत्रात सांगितलं, की माझा पंधरा वर्षांचा अनुभव आहे, पडद्यावर दिसतो तो अभिनयच असतो, फिल्म कापणाऱ्यांनी फिल्म कापावी. त्याचं त्याच्या जागी बरोबर होतं. त्याच्या दृष्टीनं तो एक वायर सोडवायला वाकला होता. तिनं ते वाचलं, घडी घालून ठेवलं आणि वहिनीला भाजी चिरू लागायला गेली.

ती चित्रीकरणाला जात राहिली. पण आता ‘सुरू’ म्हटलं तरी आणि ‘कट’ म्हटलं तरी ती चेहरा जपू लागली, दार लावून घेतलेल्या घरासारखा. दादा रोज जोडायचा तो तोच चेहरा, आणि झोळीत हात घालायची त्याची हिंमत नव्हती. सात भागांनंतर लेखकानं त्या बाईला परदेशी पाठवलं आणि दुसरी कुणी आणली. मालिका पुढे पाच वर्षं चालली. लोक म्हणत, चांगली आहे, पण पहिल्या भागाची सर नाही.

चिमणी महिन्यातून एक रविवार यायची. डॉक्टर तिला कोपऱ्यावर सोडून जायचा. त्या रविवारी बहीण सकाळपासून खिडकीशी असे आणि बाकीचे दिवस असून नसल्यासारखी. दुसऱ्या हिवाळ्यात तिची छाती भरली. औषधं झाली, इस्पितळ झालं. दादा तिच्या उशाशी बसून असे, हातात मोजे नाहीत, आणि ती बोटं कुठं ठेवावीत ते त्याला कळत नसे. माझं चुकलं, हे दोन शब्द तो दोन वर्षं बोलू बघत होता. शेवटी एका दुपारी बोलला.

ती मग म्हणाली, “दादा, तू खोटं काहीच बोलला नाहीस. पण ते माझं होतं.”

यावर तिनं त्याच्या हातावर हात ठेवला की नाही, हे मी पुढे वहिनीला कितीदा विचारून पाहिलं. ठेवला असता तर मला तुम्हाला सांगायला बरं वाटलं असतं. नाही ठेवला. दमली होती, कूस वळवून झोपली. चौथ्या दिवशी गेली. चिमणीचा रविवार यायला अजून आठवडा होता.

पुढे मालिकेला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा मोठा समारंभ झाला. या वेळी यादीत दादाचं नाव सगळ्यात वर होतं. लोकांना तो जुना लेख सापडला होता. म्हातारा झालेला दादा मंचावर खुर्चीत बसला, आणि निवेदिकेनं कौतुकानं विचारलं, की त्या नऊ सेकंदांचं रहस्य आम्हाला तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे. सभागृह कान टवकारून बसलं. दादा म्हणाला, “रहस्य कसलं? अभिनय होता. फार मोठी नटी होती ती. लेखातलं मी बनवून सांगितलं होतं.” लोक हिरमुसले. कुणी हळूच म्हणालं, म्हाताऱ्याला आता आठवत नाही. जो शब्द वेळेवर निघाला नाही तो पंचवीस वर्षांनी न अडखळता निघाला, आणि ज्यानं तो ऐकायला हवा होता तो डॉक्टर त्याआधी दोन वर्षं जगातून गेला होता.

चिमणी मात्र त्या सभागृहात होती, मागच्या रांगेत. तिनं बाहेर येऊन मामाला गाठलं आणि सगळं काढून घेतलं. मला ही गोष्ट आधी तिच्याकडून मिळाली. तिनंच सांगितलं, की आता बोला, जिचं गुपित राखायचं ती राहिली नाही, आणि न बोललं तर तिची आठवणही पुसली जाईल.

म्हणून एवढंच मागणं आहे. तो पहिला भाग अजूनही अधूनमधून दाखवतात. तुम्ही बघाल, हसाल, हसा. पण त्या जिन्यावर ती खाली बघते तिथं बोलणं थांबवा, पोराबाळांनाही गप्प करा. तिच्याबद्दल काही तर्क करू नका, त्या नटाचं नाव तिच्याशी जोडू नका. जगाच्या पाठीवर एक बाई होती, जिला स्वतःचे म्हणून नऊ सेकंद मिळाले होते आणि तेही तिच्यापाशी राहिले नाहीत. हात जोडून मनात तिची आठवण काढा, तिची एवढी आठवण ठेवा.